काला गोलोरित्झे : समुद्र खाली, आम्ही वर

पहिल्या दिवशी आम्हाला परतच पाठवलं. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्वेकडच्या बाउनेई गावातून घाट चढून गोल्गोच्या पठारावर पोहोचलो, तर काला गोलोरित्झेच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी बसलेल्या मुलीने यादीत नाव शोधलं आणि मान हलवली. दिवसाला 250 माणसं, तीही आगाऊ नोंदणी केलेली. मी आपला समजत होतो, समुद्रच तर आहे, त्याला तिकीट कसलं!

दोन दिवसांनी मोबाईलवर पावती घेऊन पुन्हा हजर. आता तिने यादीआधी आईच्या पायांकडे पाहिलं. चपला चालणार नाहीत! डिकीत बूट होते म्हणून निभावलं.

वाट साडेतीन किलोमीटरची, उतार पावणेपाचशे मीटरच्या आसपास. "अरे, समुद्रावर नेतोयस की गडावर?" आई चिपळूणची. गुहागरला गाडीतून उतरलं की समोर समुद्र, ही तिची सवय. पायाखाली चुनखडीचे सुटे दगड, कडेला जुनिपरची वाकडीतिकडी झाडं आणि त्याच लाकडाच्या धनगरी झोपड्या. मग एका वळणावर अगुलिया दिसला, 143 मीटरचा सुळका. माहुलीजवळचा वजीर आठवला, पण हा पांढरा.

खाली वाळू नाहीच. 1962 मध्ये कडा कोसळला, त्याचे दगड लाटांनी घासून घासून झालेले हे गोटे, साबुदाण्यापासून लिंबाएवढे. गळाभर पाण्यात उभा होतो तरी पायाची नखं दिसत होती. मधेच पोटरीला गारेगार झोत लागायचा. डोंगरात मुरलेलं गोडं पाणी इथे समुद्राच्या तळातून फुटतं. हे सांगितल्यावर आईने ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकली. "खारटच आहे."

टपरी नाही, संडास नाही, होड्यांना किनाऱ्याला लागायची बंदी. पाणी माणशी दोन लिटर तरी हवं. मी एकच नेलं होतं. चढताना शेवटचा अर्धा तास आईच्या बाटलीवर काढला. ती मात्र दर वळणावर बसत, निवांत चढली.

वर आल्यावर तिने बूट झटकला, तर वाटाण्याएवढा पांढरा गोटा पडला. सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू किंवा गोटे नेले तर 500 ते 3000 युरो दंड. आईने तो रुमालात धरून त्या मुलीपुढे ठेवला. मुलगी हसली आणि तो टेबलावरच्या वाडग्यात टाकला. वाडगा अर्धा भरलेला होता.