पगाराचा खरा दर

रविवार, महिनाअखेर

जमाखर्चाच्या वहीत रुपयांशेजारी तासांचाही एक रकाना आखावा. बरंच काही उघडं पडतं.

डोंबिवलीत घर, फोर्टात नोकरी, हातात 60,000 असं धरू. 22 दिवस, रोज 9 तास म्हणजे 198 तास. तासाला तीनशेच्या वर. ऐकायला बरं वाटतं. पण दारातून निघून परत दारात येईपर्यंत प्रवासाचे साडेतीन तास त्यात घातले की महिन्याचे 275 होतात आणि दर 218 वर येतो. आता दुसरीकडून 65,000 ची ऑफर आली, पण रोजचा प्रवास तासाभराने वाढणार. 297 तासांना 65,000, दर 219, म्हणजे जवळपास तोच! पेढे वाटण्याआधी हा भागाकार करावा.

मग मुलुंडला भाड्याने जावं का? भाड्यातला फरक 14,000 आणि रोजचा पाऊण तास वाचतो असं समजलं, तर महिन्याला साडेसोळा तास हाती लागतात, एकेक जवळजवळ 850 रुपयांना. कमाईच्या चौपट दराने वेळ विकत घेणं मला पटत नाही. अपवाद एकच: झोप सहा तासांच्या खाली गेली असेल तर. कारण प्रवास वाढला की ऑफिसचे तास कमी होत नाहीत, स्वयंपाक टळत नाही. कात्री लागते ती झोपेलाच.

व्यायामाला वेळ नाही, ही तक्रार मात्र अर्धीच खरी. मोठ्यांसाठी आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. स्टेशन घरापासून पंधरा मिनिटांवर असेल तर शेअर रिक्षा सोडावी, जाता-येता तेवढं होऊन जातं. संध्याकाळी रिक्षाच्या रांगेतली मिनिटं वजा केली तर वेळही फारसा जास्त लागत नाही, आणि पंधरा रुपये सीटने महिन्याचे 660 वाचतात. चाल अशी हवी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हा बेत फसतो तो बुटांपायी आणि पावसात. ऑफिसचे बूट ऑफिसातच ठेवावेत. धो धो पावसात इमारतीचे जिने आहेतच.

आजारपणाचा खर्च हा वहीतला सगळ्यात फसवा आकडा. कंपनीचा विमा नोकरीसोबत जातो, म्हणून स्वतःचा वेगळा हवा, तोही बीपी-शुगर निघायच्या आत. आधीच्या आजारांचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याहून नडते ती खोलीभाड्याची मर्यादा. पाच लाखांची पॉलिसी, मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. पेशंटला 8,000 च्या खोलीत ठेवलं की वरचे 3,000 भरून सुटका होते, असंच सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांच्या बिलालाही 8,000 ला 5,000 हेच प्रमाण लागू शकतं, म्हणजे पाच-अष्टमांशच मिळतात. असं बिल दोन लाख झालं तर 75,000 खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, एवढाच दिलासा.

उद्या: पॉलिसीच्या पीडीएफमध्ये ‘रूम रेंट’ शोधणे. मर्यादा असल्यास नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा अर्ज. झालेला प्रतीक्षाकाळ सोबत येतो.