बत्तीसची हवा

"कितीची भरू?" पंक्चरवाल्याने विचारलं. मी दार उघडून कडेचं स्टिकर वाचलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "दोनशे तीस." त्याने हातातला पाइप खाली ठेवला. "साहेब, दोनशे तीस भरली तर टायरही जाईल आणि मीपण."

स्टिकर किलोपास्कलमध्ये बोलत होतं, पंक्चरवाल्याचं मीटर पीएसआयमध्ये. दोन्ही दाबाचीच एककं. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड. किलोपास्कलला ढोबळमानाने सातने भागायचं (नेमकं हवं असेल तर ६.८९५ ने, पण फूटपाथवर सात पुरतो). उत्तर आलं तेहतीस. मी ते सांगेपर्यंत त्याने बत्तीस भरून वॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघूनही टाकलं होतं.

पण भागाकाराचा किडा एकदा डोक्यात शिरला की लवकर निघत नाही. घरी आलो तर कुकर फुसफुसत होता. घरगुती कुकरमधला दाब साधारण एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. पीएसआयमध्ये १४.२. म्हणजे आमच्या टायरात कुकरच्या दुपटीहून जास्त दाब! कुकरजवळून जाताना आई अजूनही अंग चोरते, आणि त्याच आईला दुप्पट दाबाच्या चार टायरांवर बसवून मी खुशाल घाट उतरवतो. अर्थात कुकरमध्ये १२० अंशांची वाफ असते आणि टायरात नुसती हवा. तेव्हा आईची भीती अगदीच खुळी नाही. शिवाय तिचं स्वतःचं एकक आहे: शिट्टी. वरणाला तीन, राजम्याला सहा. त्याचं रूपांतर, ज्याच्या नावाने दाब मोजतात त्या पास्कल या शास्त्रज्ञालासुद्धा जमलं नसतं.

तेवढ्यात बाबांचं बीपी मोजून झालं. १४० वर ९०. घरात शांतता पसरली. हे १४० मिलिमीटर पाऱ्याचे, म्हणजे रक्ताचा दाब नळीतला पारा तेवढा वर चढवतो. आताच्या मशीनमध्ये पाऱ्याचा थेंबही नाही, पण आकडा अजून त्याचाच. आणि बरंच आहे ते. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त किती चढतं ते पाहिल्याची नोंद छापली: आठ फूट तीन इंच! पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून बाबांचे १४० वीतभर नळीत मावतात. पाण्यात मोजले असते तर एक मीटर नव्वद. डॉक्टरांना स्टुलावर चढून आकडा वाचावा लागला असता.

मी पुन्हा भागाकार केला. ५१.७ मिलिमीटर पारा म्हणजे एक पीएसआय. १४० चे झाले २.७.

"आई, टायर बत्तीस, कुकर चौदा, आणि बाबांचं बीपी पुरतं तीनसुद्धा नाही."

बाबांचा चेहरा खुलला. आईने कुकरचा गॅस बंद केला, माझ्याकडे न बघताच विचारलं, "तीन ना? मग आता ह्यांना लोणचं वाढू का, ते सांग."

मी पुढचा भागाकार करायला खोलीत गेलो.