तो पाठमोरा माणूस कोण?

सुट्ट्यांमध्ये सगळे घरीच असतात आणि पोरं तिसऱ्याच दिवशी "बोअर होतंय" चालू करतात, तर बाबांची जुनी रिळं एकदा सगळ्या शेजाऱ्यांना दाखवू या असं मी सहज बोलून गेले आणि अडकले.

बाबांकडे सुपर एटचा, म्हणजे घरच्या घरी छोट्या फिल्मवर सिनेमा काढायचा कॅमेरा होता. कोडॅकने ही सिस्टीम १९६५ मध्ये आणली. त्याआधीच्या आठ एमएममध्ये रीळ हाताने ओवायला लागायचं आणि अर्धं शूट झालं की काढून उलटं घालायचं, इथे नुसती कार्ट्रिज, म्हणजे फिल्म भरलेली बंद डबी, खट्टकन बसवली की झालं, म्हणून तर आमच्या बाबांनाही जमलं! एका कार्ट्रिजमध्ये पन्नास फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला १८ फ्रेम्सच्या हिशोबाने ३ मिनिटं २० सेकंद, बस. त्यामुळे बाबा बटण अगदी जपून दाबायचे, आठ-दहा सेकंदांच्या वर एक शॉट नाही. आणि सगळं मुकं. आवाजवाली सुपर एट १९७३ मध्ये आली म्हणे, ती आमच्या घरापर्यंत काही पोचली नाही.

डबा उघडला तर भसकन आंबट वास आला. फिल्म अ‍ॅसिटेटची असते, ती खराब व्हायला लागली की त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, म्हणून व्हिनेगरसारखा वास, आणि तो रोग शेजारच्या रिळांनाही लागतो. नऊपैकी एक रीळ पार आक्रसून वेडंवाकडं झालं होतं, ते वेगळं काढलं आणि उरलेली आठ डिजिटाइज करायला दिली. खरा प्रोजेक्टर लावायचा मोह झाला होता, तो खडखडाट मला फार आवडतो, पण जुनी फिल्म मध्येच अडकली की दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम बघता बघता वितळते. नको रे बाबा.

पहिली कॉपी आली त्यात सगळी माणसं गाडी चुकत असल्यासारखी तुरुतुरु पळत होती. आधी हसले, मग लक्षात आलं की त्यांनी १८ फ्रेम्सची फिल्म २५ने चालवलीय, ३:२० चं रीळ २:२४ मध्ये खलास! परत करून घेतलं. तुम्ही कुणाला काम दिलंत तर हे आधीच बजावून सांगा.

आता माझा गाढवपणा. साडेसव्वीस मिनिटांचा ऐवज झाला होता आणि मला वाटलं लोक कंटाळतील, म्हणून मी एडिटिंगला बसले. हललेले शॉट काढले, बाबा उगाच रस्ता दाखवतायत ते काढलं, कुंपण, रिकामी भिंत, कुणाचे तरी पाय, सगळं काढलं. उरली अकरा मिनिटं, त्यात मी, दादा, आणि कॅमेरा दिसला की तोंडावर हात धरणारी आई. मस्त टाइट झालंय असं स्वतःलाच सांगितलं.

अंधार पडल्यावर भिंतीवर चादर लावली, लोक आले, बसले, "किती गोड होतीस गं" वगैरे म्हणून झालं. पाच मिनिटांत दोघं-तिघं मोबाइलमध्ये. दुसऱ्याच्या घरचं बाळ किती वेळ बघणार हो माणूस? आणि मग एक शॉट आला, मी फ्रॉक धरून उभी आणि मागे फाटकाजवळ कुणीतरी अर्धवट दिसतंय, आणि समोरच्या काकू एकदम ओरडल्या, "थांब थांब, मागे घे, मागे घे!" त्या स्वतःच होत्या. वय वर्षं नऊ, दप्तर पाठीला आणि बोट नाकात. त्यांच्या नातवाने तो तुकडा सहा वेळा बघायला लावला.

त्यानंतर कुणाला माझी अकरा मिनिटं नको होती. "तू कापलंस ते कुठाय?" नशिबाने डिलीट केलं नव्हतं. लॅपटॉपवर सगळी मूळ फाइल लावली आणि मी केर म्हणून काढलेल्या शॉट्सवर लोक तुटून पडले. अरे ते झाड बघ, तिथे आता पार्किंग आहे. ही भिंत आमच्या भांडणाच्या आधीची! (कसलं भांडण ते चौघांनी चार प्रकारे सांगितलं, एकाच वेळी.) मुक्या फिल्मला असा आवाज मिळाला, मी फक्त पॉज दाबत होते. २००३ पासून जगभर होम मूव्ही डे साजरा होतो, लोक घरची रिळं घेऊन येतात आणि एकत्र बघतात, ते वाचून मला वाटायचं परक्याची रिळं बघण्यात काय एवढं. आता कळलं.

पाचव्या रिळात एक माणूस आहे, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, सायकल उलटी ठेवून चेन बसवतोय, कॅमेऱ्याकडे पाठ. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले हा माझा धाकटा भाऊ. शेजारच्या काकू म्हणाल्या शक्यच नाही, हे आमचे बाबा, मानेवरची ती खळी बघा. अर्धा तास वाद, स्क्रीनशॉट ग्रुपवर, झूम करकरून नुसते ठिपके उरले. त्या दोघांचं अजून चालूच आहे, काल लिफ्टमध्ये मलाच साक्षीला ओढलं.

मी तो तुकडा किती वेळा बघितलाय देव जाणे. चेन बसते, तो हात पुसतो, उठतो, वळायला लागतो, कानाची पाळी दिसते, गाल दिसायला लागतो, आणि नेमके तेव्हाच बाबा कॅमेरा माझ्याकडे फिरवतात.