तुम्ही विचारलंत म्हणून: शेजाऱ्यांचे व्यायाम तुम्हाला का नाहीत

‘त्यांचंही एल-फोर एल-फाइव्ह, माझंही तेच. मग त्यांना पालथं झोपवता अन् मला गुडघे पोटाशी घ्यायला लावता, हे काहून?’ मी फिजिओथेरपिस्ट. एमआरआयचं पाकीट टेबलावर ठेवून मला हे विचारलं जातं. (एल-फोर, एल-फाइव्ह म्हणजे कंबरेचे सगळ्यात खालचे दोन मणके.) वर पुस्ती असतेच, ‘मशीन तर तुम्ही लावतच नाही.’

लावते, गरज असली तर. पण पाकिटावरूनच उपचार ठरायचे तर माझं काम काय? २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन तपासले होते. विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के लोकांची मणक्यातली गादी फुगलेली निघाली!

इतवारीतले एक किराणावाले काका दुसरीकडचा छापील कागद घेऊन आले. भुजंगासन, रोज दोनदा. इमानदारीनं करत होते. दुकानातून चौकापर्यंत गेले की पोटऱ्या भरून यायच्या, पाय बधिर. ओट्यावर बसले की मोकळे. पायाच्या नाड्या बघितल्या, ठणठणीत, म्हणजे रक्तपुरवठ्याची अडचण नाही. मग विचारलं, माल आणता तेव्हा? ‘हातठेला ढकलताना तर काहीच होत नाही ना बाप्पा!’ म्हणजे पुढे वाकलं की बरं. मणक्यातली नसांची नळी अरुंद झालेली. मागे वाकलं की ती आणखी आवळते. आणि हा माणूस दुखत असताना मागे वाकत होता, कारण ‘सहन करा, सवय होईल’ असं सांगितलेलं. काकू म्हणाल्या, ‘आम्हाला वाटायचं, चालायचा कंटाळा करतात.’ काका उसळले, ‘आता तरी पटलं का?’

गुडघे छातीशी, जागेवरची सायकल, हँडलवर कलून. आता चौक ओलांडतात. बरे झाले असं म्हणणार नाही. नळी व्यायामानं रुंद होत नाही.

काकांनी पुढे काय करावं? माझ्या कागदाचा फोटो व्याह्यांना पाठवला. त्यांची गादी सरकलेली, पुढे वाकलं की पायात कळ. बोला!

तरी खरं सांगते. जुन्या कंबरदुखीत सरासरी काढली तर एक व्यायामप्रकार दुसऱ्याहून फारसा सरस ठरत नाही. कॉलेजात मी ठासून सांगायचे, पद्धत अचूक हवी, बस. आता वाटतं, काकांना अर्धा गुण ठेल्याबद्दल कुणी विचारलं म्हणूनही आला असेल. मग नीट ऐकून घ्यावं आणि सगळ्यांना एकच कागद द्यावा, चालेल? भुजंगासन आठवलं की नाही म्हणते. सरासरी आठवली की गप्प बसते.

व्याह्यांना सोमवारी बोलावलंय. फोटो डिलीट करून या म्हटलं.