आधी ऑपरेशन की आधी आटा

ग्वाल्हेरजवळ घाटीगावच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की सहरिया आदिवासींच्या वस्त्या लागतात, तिकडं त्याला सहराना म्हणतात. आमची संस्था ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, अगदी छोटी. दाल बाजारातून होलसेलमध्ये माल उचलायचा, किट बांधायचे आणि जिथं लहान पोरं आहेत अशा घरात नेऊन द्यायचे. आटा, तूरडाळ, तेल, गूळ, फुटाणे. फिल्ड मी बघते, रजिस्टरही माझ्याकडंच.

त्या वेळचा पैसा एका काकांचा होता. मूळचे इथल्याच जनकगंजातले, नोकरी सगळी पुण्यात झाली आणि रिटायर झाल्यावर परत ग्वाल्हेरला आले. माणूस सज्जन, हिशोबाला चोख, पण चेकबरोबर एक अट आली. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा, मुलं किती, आणि दोनच्या वर असतील तर नवराबायकोपैकी एकाच्या नसबंदीचं सर्टिफिकेट बघायचं, नसेल तर किट नाही. आमच्या सरांनी हो म्हटलं कारण त्या महिन्यात दुसरीकडून काही येणार नव्हतं, आणि काका म्हणाले वाटप मी स्वतः बघणार, म्हणून मी, काका आणि ड्रायव्हर असे सकाळीच निघालो.

गाडीत काकांचं चालूच. "अगं, तुम्ही खायला घालता, ती पोरं जगतात, त्यांना पुढं चार-चार होतात, मग तुम्ही दुप्पट किट घेऊन येणार. ह्याला दया म्हणायचं का? सरकारी नोकरीत बघ, २६ जानेवारी २००१ नंतर तिसरं झालं तर मध्य प्रदेशात माणूस अपात्र ठरतो, मग फुकट घेणाऱ्याला काहीच नियम नको?"

हे म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थस १७९८ पासून हेच सांगत होता आणि शिकलेली माणसं आजही लग्नाच्या पंगतीत हेच बोलतात. मला गंमत एवढीच वाटली की त्याच्या आधी दहाच मिनिटं काका स्वतःच्या लहानपणचा रेशनचा लाल गहू आठवत होते, त्याची पोळी कशी चामड्यासारखी व्हायची वगैरे. तो अमेरिकेच्या धान्यमदतीचा, पीएल-४८० चा गहू. १९६५ ते ६७ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आपल्याला जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडायचे, शेतीचं धोरण बदला, लोकसंख्येचं काही करा, मग पुढचं जहाज. तिकडचे काही विद्वान तर उघड लिहायचे की हिंदुस्थान वाचण्यातला नाही, तिथं धान्य घालणं म्हणजे वाया घालवणं. मी म्हटलं, "काका, तुम्ही किती भावंडं?" तर म्हणाले पाच, मी चौथा. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलो. सुरुवातीची दोन-तीन घरं सहज झाली. मग एक बाई आली, कडेवर एक, पदराला एक. मी विचारलं बच्चे कितने, तर तिनंच मला उलट विचारलं, "कितने हुए कि कितने हैं?"

झाले सहा, आहेत तीन.

रकान्यात हयात तीनच लिहायचे होते, म्हणजे दोनच्या वर, म्हणजे सर्टिफिकेट दाखवा. ती म्हणाली नाही है. काका माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात तिनं कमरेची पिशवी सोडली, आत पॉलिथिनमध्ये आधार कार्ड आणि त्याच्या घडीत एक सरकारी पर्ची, मळून कापडासारखी मऊ झालेली. बॉलपेननं लिहिलं होतं, एचबी ६.२, म्हणजे हिमोग्लोबिन. खाली डॉक्टरांचं एक अक्षर कळेल तर शपथ, पण बाईला पाठ होतं. "हम तो खुद गए थे मैडम, आसा दीदी के संग। कही खून कम है, पहले खाओ-पियो, फिर आना।"

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नावाला नव्हती, कागदासारखा पांढरा रंग.

काकांना खरं वाटेना. तिथूनच मी एएनएम बाईंना, म्हणजे तिथल्या सरकारी नर्सला, फोन लावला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, हो, सातच्या खाली असेल तर ऑपरेशनला घेतच नाहीत, सरकारचा नियमच आहे, टेबलावर काही झालं तर कोण बघणार. म्हणजे बघा, आमच्या फॉर्मप्रमाणे ऑपरेशन झाल्याशिवाय आटा नाही आणि दवाखान्याच्या नियमाप्रमाणे खाल्ल्याशिवाय ऑपरेशन नाही. आणि देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, सरकारच्याच सर्व्हेत, त्यामुळं ही काही जगावेगळी बाई नव्हती.

"मग नवऱ्यानं करायचं," काका म्हणाले. बरोबरच होतं, पुरुषाचं तर टाक्याशिवाय होतं, तासाभरात घरी. नवरा दगडाच्या खदानीवर होता. बाई हसली, "ऊ कहत है कमजोरी आ जाएगी, पत्थर कौन उठाएगो?" ह्यावर काकांना राग आला आणि खरं सांगायचं तर मलाही आला. २०१९-२१ च्या सर्व्हेत देशभर नसबंदी केलेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के आहेत, आणि तो आकडा काही एकट्या खदानवाल्यांचा नाही, त्यात कॉलन्यांमधले साहेब लोकपण आले.

मी तिला किट दिला. काका काही बोलले नाहीत, पण त्याच्या नंतर एक गडी आला, पाच पोरं, विचारलं तर म्हणे भगवान देत है, आणि मजेत हसला. काकांनी लगेच मला कोपर मारलं, "ह्याचं काय?"

ह्याचं मलाही उत्तर सोपं वाटत नाही. मी एवढंच म्हटलं की फॉर्म बापाचा भरतोय पण किट पाचव्या पोराचा आहे, आणि त्याच्या घरात सगळ्यात शेवटी ताट त्याच्याच पुढं येतं. परतताना आकडे सांगितले, कारण काकांना आकडेच पटतात. १९९२-९३ मध्ये मध्य प्रदेशात बाईमागं ३.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.० वर आली. मधल्या काळात अन्नसुरक्षा कायदा आला, अंगणवाडीचा आहार वाढला, रेशन बंद झालं नाही. खायला मिळालं म्हणून पोरं वाढायची असती तर आकडा वर जायला हवा होता. काका म्हणाले, तो शिक्षणानं उतरला. मी म्हटलं असेल, आणि पोरं मरायची कमी झाली त्यानंही, जिची सहातली तीन गेली ती दोनावर कशाच्या भरवशावर थांबणार? त्यावर त्यांनी आणीबाणीतसुद्धा शिस्त होती असं काहीतरी सुरू केलं, तेव्हा ड्रायव्हरनं रेडिओ लावला, देव त्याचं भलं करो.

आठवड्यानं सरांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. सर्टिफिकेटची अट गेली, पैसे काकांनी पूर्ण दिले, उलट गूळ-फुटाणे दुप्पट करा म्हणाले. पण काहीतरी हवंच होतं त्यांना, म्हणून आता प्रत्येक पावतीवर "कुटुंब नियोजनाची माहिती दिली" असा शिक्का मारायचा असतो. शिक्का त्यांनीच बनवून आणला, मराठीत. सहरान्यात तो कुणालाच वाचता येत नाही, मी मारते.