१६.७ मिलिसेकंदांचा जमाखर्च

मागील नोंदीनंतर माझ्या गेम खेळण्याच्या संगणकात काहीही बदललेले नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि २५६० बाय १४४० रिझोल्यूशनचा, १४४ हर्ट्झचा व्हीए (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार) मॉनिटर हीच जुळणी कायम आहे. बदलली आहे ती मोजण्याची पद्धत. फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रे (फ्रेम) येतात त्याच्या, सरासरीकडे पाहणे मी बंद केले असून आता एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागले, एवढेच टिपून ठेवतो.

यामागचे कारण साध्या गणितात आहे. सेकंदाला ५० फ्रेमवरून ६० वर जायचे असेल, तर प्रत्येक फ्रेममागे ३.३ मिलिसेकंद वाचवावे लागतात. १०० वरून ११० वर जाण्यासाठी मात्र अवघा ०.९ मिलिसेकंद पुरतो. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा फ्रेम रेटचा आकडा दोन्ही वेळा दहानेच वाढतो, त्यामुळे एखादे सेटिंग खरोखर किती महाग आहे हे त्या आकड्यावरून नीट उमगत नाही. मिलिसेकंदांचा हिशेब धरला की प्रत्येक सेटिंगची किंमत सरळ बेरीज-वजाबाकीत दिसू लागते. ६० फ्रेमचे उद्दिष्ट म्हणजे १६.७ मिलिसेकंद; तेवढ्यात सर्वात संथ फ्रेमही बसवायची आणि जे शिल्लक राहील ते चित्राच्या दर्जावर खर्च करायचे, असे मी ठरवले.

या महिन्यात पूर्ण लक्ष ‘सायबरपंक २०७७’वर दिले. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेला हा खेळ आजही मध्यम दर्जाच्या कार्डाचा घाम काढतो. त्यात बेंचमार्कची, म्हणजे वेग मोजण्याच्या तयार चाचणीची, सोय आहे. पण खेळातल्या जपानटाउनमधील चेरी ब्लॉसम मार्केटमध्ये गर्दी, धुके, निऑन पाट्या आणि ओल्या फरशीवरील प्रतिबिंबे एकाच वेळी अंगावर येत असल्यामुळे तिथे जतन केलेला खेळ (सेव्ह) उघडून ठरलेल्या वाटेने चालणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. नोंद घेण्यासाठी कॅपफ्रेमएक्स हे फ्रेम टाइम (प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ) टिपणारे सॉफ्टवेअर वापरतो, आणि सरासरीऐवजी एक टक्का नीचांक, म्हणजे सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, पाहतो.

सर्वात मोठी बचत स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावरूनच काढलेल्या प्रतिबिंबांत, सापडली. त्याची ‘सायको’ ही पातळी इतकी खर्चिक आहे की या कार्डावर तिचा विचारही करू नये. मात्र ते अगदी खाली आणले, तर ओल्या रस्त्यावरील प्रतिबिंबांत वाळू सांडल्यासारखे कण दिसू लागतात आणि चालताना ते वळवळतात. म्हणून ‘हाय’वर थांबलो. व्हॉल्युमेट्रिक फॉग (प्रकाश झिरपणारे दाट धुके) आणि ढग मध्यमवर आणले, त्यातील फरक शेजारी शेजारी चित्रे ठेवूनही मला धड सांगता आला नाही. टेक्सचर (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रे) मात्र कमाल पातळीवरच आहेत, कारण व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, पुरेशी असेपर्यंत त्यांचा फ्रेम टाइमवर जवळपास भार पडत नाही. १२ जीबीचा खरा उपयोग इथेच होतो. तिरप्या पृष्ठभागांवरील टेक्सचर स्पष्ट ठेवणारे ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंगही १६ वरच ठेवावे. ते कमी करून काही वाचत नाही आणि तिरपा दिसणारा रस्ता मात्र धुरकट होतो.

अपस्केलिंगचा, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र काढून ते मोठे करण्याचा, प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला. १४४० पी मॉनिटरवर डीएलएसएस या एनव्हिडियाच्या अपस्केलिंगची क्वालिटी पातळी आतून १७०७ बाय ९६० चे चित्र काढते, म्हणजे पिक्सेल निम्म्याहूनही कमी होतात. बॅलन्स्डमध्ये ते सुमारे एक तृतीयांश उरतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेले डीएलएसएसचे ट्रान्सफॉर्मर मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालते, परंतु ३० मालिकेतील कार्डांवर त्याचा स्वतःचा खर्च जुन्या मॉडेलपेक्षा जास्त असल्यामुळे रिझोल्यूशन उतरवून जे कमावले त्यातला काही भाग तेच खाऊन टाकते. तरीही नवे मॉडेल आणि बॅलन्स्ड ही जोडी मला जुने मॉडेल आणि क्वालिटी या जोडीपेक्षा उजवी वाटली. जाळीच्या कुंपणामागून माणसे चालत गेली तरी तारा तुटक होत नाहीत, आणि पावसात पुढे निघून गेलेल्या गाडीच्या मागच्या दिव्यांची लाल शेपटी पूर्वीइतकी लांब राहत नाही. एनव्हिडियाची फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालण्याची सोय) ३०६० वर उपलब्ध नाही, पण एएमडीची एफएसआर ३ चालते. तिने चित्र गुळगुळीत होते. हाताला जाणवणारा प्रतिसाद मात्र मूळ फ्रेमचाच राहतो, किंबहुना किंचित जडच होतो. माउसने नेम धरताना ते मला खटकते.

रे ट्रेसिंगमधील, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याच्या पद्धतीतील, केवळ प्रतिबिंबे चालू करून पाहिली. भार फक्त कार्डावर येतो असे अनेकांना वाटते, पण दृश्यातील वस्तूंची रचना सतत अद्ययावत ठेवण्याचे काम प्रोसेसरवरही येते, त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी दोन्हीकडून कोंडी होते. ती प्रतिबिंबे आता फोटो मोडपुरतीच ठेवली आहेत.

फ्रेम रेटला ६० चे कुलूप रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमधून घातले. मॉनिटर व्हेरिएबल रिफ्रेशचा, म्हणजे फ्रेम येईल तसा पडदा ताजा करणारा, आहे, मग कुलूप कशाला, असा प्रश्न काही जणांनी विचारला होता. माझ्या मॉनिटरची खालची मर्यादा ४८ हर्ट्झ आहे. फ्रेम रेट त्याखाली गेला की प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि रिफ्रेश एकदम दुप्पट होतो. त्या सीमेवर फ्रेम रेट वरखाली होऊ लागला की व्हीए पॅनेलची उजळता लुकलुकते. अंधाऱ्या गल्लीतील राखाडी भिंतीवर हे इतके ठळक दिसते की वायरिंगमध्ये दोष असावा असे वाटावे. फ्रेम टाइम सपाट राहिला की हा त्रास जवळजवळ संपतो. माझ्या मते सावल्यांच्या एका पातळीपेक्षा हे कितीतरी मोलाचे आहे.

पुण्यातील एप्रिलचाही या हिशेबात वाटा आहे. कोथरूडमधील माझी खोली पश्चिमेकडे उघडते आणि बाहेरचा पारा चाळिशीला टेकलेल्या दुपारी कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली सरकत जातो, म्हणून रात्री घेतलेल्या नोंदी आणि दुपारच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. आता कार्ड पुरेसे तापेपर्यंत खेळूनच मोजणी सुरू करतो. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज ०.९ व्होल्टच्या आसपास बांधून दिल्यावर १७० वॅटच्या मर्यादेला सतत टेकणाऱ्या कार्डाचा वीजवापर बराच खाली उतरला, पंख्याचा आवाजही कमी झाला, आणि फ्रेम टाइममध्ये मोजण्याजोगा तोटा दिसला नाही. उन्हाळ्यात ही एक गोष्ट तरी सर्वांनी करून पाहावी.

माझा भाचा व्हॅलोरंट हा नेमबाजीच्या स्पर्धेचा खेळ खेळतो. माझी चाचणी थोडा वेळ पाहून तो म्हणाला, “मामा, तू गेम खेळतोस की गणपतीचे देखावे बघत हिंडतोस?” त्याच्या खेळात त्याचे म्हणणे योग्यच आहे, तिथे प्रतिसादाचा वेग हेच सर्वस्व असते आणि प्रोसेसर आधी थकत असल्याने ग्राफिक्स उतरवून विशेष काही हाती लागत नाही. सायबरपंकच्या नाइट सिटीत मात्र मी देखावे बघायलाच जातो.

सध्याच्या सेटिंगमध्ये बाजारातली संपूर्ण वाट १६.७ मिलिसेकंदांच्या आत पार पडते. वेगाने गाडी चालवताना नवा भाग लोड होत असता अधूनमधून एखादी फ्रेम मर्यादा ओलांडते. गर्दीची घनता मध्यमवर आणून त्यात कितपत फरक पडतो, हे आता खेळातल्याच डॉगटाउन या भागात तपासतो आहे.