आमची वाटचाल : पान ४७ आणि रजिस्टर नंबर

पुण्यात आमच्या छपाईच्या दुकानात आलात तर काउंटरच्या मागे गणपतीच्या शेजारी एक फ्रेम दिसेल. त्यात लायसन नाही की कुठला पुरस्कार नाही, एका शाळेच्या स्मरणिकेचं पान ४७ आहे. देणगीदारांची यादी. त्यातल्या एका धडधाकट माणसाच्या नावापुढे आम्ही कै. छापलं होतं. नवीन गिऱ्हाईक विचारतंच, हे काय लावलंय, आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तर आज लिहूनच टाकतो.

मी जुन्नर तालुक्यातला. आठवड्याचा बाजार भरतो एवढं मोठं गाव, एक हायस्कूल, एसटी स्टँड, आणि मागे डोंगर. पेशवाईत जुन्नरचा कागद नावाजलेला होता, सरकारी दफ्तरात जुन्नरी कागद चालायचा, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, पुण्यात कागदाच्या एका जुन्या व्यापाऱ्याने सांगितलं, म्हणाले अरे तुमच्याकडचा माणूस कागदात पडला यात नवल काय. मी कागदात पडलो ते मात्र नाईलाजाने. १९९१ ला दहावी झाली, ५२ टक्के, घरी शेती दोन एकर आणि भाऊ तीन, मग मामाने शिवाजीनगर स्टँडवर उतरवून घेतलं आणि नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये नेऊन उभं केलं. पगार ६०० रुपये, काम म्हणजे झाडू, चहा आणि छापून झालेले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, परत आपापल्या घरात टाकणे.

तिथे एक कंपोझिटर काका होते, खिळे जुळवून ओळी लावणारे, त्यांना उलटं वाचता यायचं, म्हणजे आपण सरळ पेपर वाचतो तसं ते खिळ्यांची ओळ वाचायचे. त्यांचं एकच सांगणं असायचं, बातमी चुकली तर लोक विसरतात, नाव चुकलं तर तो माणूस मरेपर्यंत विसरत नाही. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशक्रियेची कार्डं, सगळं ट्रेडल नावाच्या छोट्या छपाई मशीनवर निघायचं. मग पाचेक वर्षांत डीटीपी आलं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लावणं, काका घरी बसले, आणि मी रात्रीच्या क्लासला जाऊन पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी अक्षरांचं श्रीलिपी शिकलो. (श्रीलिपी पुण्यातच तयार झालेली बरं का, पेठेतल्या निम्म्या लोकांचं पोट तिच्यावर चाललं.)

२००३ ला स्वतःचं टाकलं. सदाशिव पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि बायको प्रूफ वाचायला कारण ती मराठीची एमए आणि माझं ऱ्हस्व-दीर्घ अजूनही कच्चं. मशीन नव्हतं. आम्ही फक्त मजकूर लावायचो, बटर पेपरवर प्रिंट काढायचो, त्यावरून छपाईच्या पत्र्याची प्लेट एकाकडे, छपाई दुसऱ्याकडे, बाइंडिंग तिसऱ्याकडे, आणि मी सायकलवर या तिघांच्या मधे. पहिली दोन वर्षं कशी काढली ते बायकोला विचारा, मी सांगत नाही.

२००५ ला शाळेतून फोन आला. हेडसरांनीच केला होता. शाळेचा सुवर्ण महोत्सव आहे, स्मरणिका काढायची, आपलाच मुलगा प्रेसवाला आहे म्हणतात तर तूच कर. १७६ पानं, हजार प्रती. माझ्यासाठी एवढं मोठं काम पहिलंच. मी कागदाचा अंदाज तीनदा काढला, आत साधा मॅपलिथो कागद, कव्हरला जाड चकचकीत आर्ट कार्ड, मधली आठ पानं रंगीत कारण अध्यक्षांचे फोटो रंगीतच पाहिजेत. हो म्हणलं आणि रात्रभर झोप नाही.

देणगीदारांची यादी आमच्याच बॅचच्या एका मित्राने एक्सेलमध्ये टाइप करून पाठवली होती, तो आयटीत, एकदम व्यवस्थित माणूस. एका कॉलममध्ये देणगीदार, शेजारी कुणाच्या स्मरणार्थ, रक्कम, बॅच. मी शहाणपणा केला. यादी अकारविल्हे लावावी म्हणून सॉर्ट मारला आणि एकच कॉलम सिलेक्ट झाला. झालं. बापाची नावं मुलांच्या जागी, मुलांची दुसऱ्यांच्या बापांच्या जागी. बायकोच्या लक्षात आलं म्हणून बरीचशी हाताने परत लावली, पण एक ओळ राहिली. त्या ओळीत वडील कै. आणि मुलगा देणगीदार असं असायला पाहिजे होतं, ते उलटं झालं, वारलेले वडील देणगी देतायत आणि मुलगा कैलासवासी. हजार प्रती बाइंडिंग होऊन, शिवाजीनगरहून एसटीच्या टपावर गठ्ठे चढवून गावात पोचल्या आणि तिसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. पलीकडून शांत आवाज, "नमस्कार, मी कैलासातून बोलतोय."

मला आधी कळलंच नाही, कळलं तेव्हा पाय गार पडले. मी म्हणलं काका सगळ्या प्रती परत आणतो. ते म्हणाले परत कशाला आणतोस, चिकटी लाव. मग शनिवार-रविवार आम्ही दोघं गावी जाऊन शाळेच्या लायब्ररीत बसून वाटायच्या राहिलेल्या साडेसहाशे प्रतींवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या, मदतीला नववीची पोरं आणि शाळेचे शिपाईमामा. फ्रेममधलं पान ४७ त्यातलंच. काका अजून आहेत, अजून फोन केला की कैलासातूनच बोलतात.

पण त्या दोन दिवसांत एक झालं. मी शिपाईमामांना म्हणलं मामा, नावं पक्की करायला काही आहे का शाळेत, तर त्यांनी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं. लांबलचक वह्या, कापडी पुठ्ठा, कडा झिजलेल्या. प्रत्येक पोराला एक नंबर, पूर्ण नाव, आईचं नाव नंतरच्या वर्षांत, जन्मतारीख, आधीची शाळा, कोणत्या इयत्तेत आला, कधी गेला, का गेला. शेवटचा रकाना शाळा सोडल्याचं कारण. दहावी उत्तीर्ण, दहावी उत्तीर्ण, वडिलांची बदली, सतत गैरहजर, घरच्या अडचणीमुळे, लग्न. मी माझं नाव शोधायला बसलो होतो आणि दीड तास दुसऱ्यांचंच वाचत राहिलो. आमच्या वर्गात पाचवीला ६८ होतो. दहावीचा ग्रुप फोटो आहे त्यात ४१. मधले २७ कुठे गेले हे मला त्या रकान्यात दिसलं.

स्मरणिकेचं नाव झालं, मग आजूबाजूच्या शाळांची कामं यायला लागली. आपल्याकडे शाळेची गोष्ट अशीच पसरते, एका हेडसरांच्या टेबलावर दुसऱ्या हेडसरांनी बघितलं की झालं. शिष्यवृत्तीची यादी, गॅदरिंगच्या पत्रिका, निवृत्तीचे गौरव अंक, प्रशस्तिपत्रकं. २००९ ला सेकंडहँड सिंगल कलर ऑफसेट छपाई मशीन घेतलं, खोली बदलली. एका संस्थेने अडीच वर्षं बिल थकवलं, जाऊ दे ते.

२०११ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं की दर तीन महिन्यांनी चार पानी वार्तापत्र काढायचं, शाळेच्या बातम्या आणि माजी विद्यार्थ्यांचं यश. पहिले दोन-तीन अंक तुम्ही न बघता सांगू शकाल. पहिल्या पानावर एमपीएससी पास झालेला, त्याला फेटा. मग डॉक्टर, मग परदेशात गेलेला, बर्फात उभा राहिलेला फोटो. मग निवड, नियुक्ती, पदोन्नती. चांगलंच आहे ते, पोरांनी कष्ट केलेत, पण तिसऱ्या अंकाला मजकूर संपला. चार पानांपैकी दीड पान रिकामं. एवढ्याशा गावात दर तीन महिन्याला किती साहेब होणार?

मीटिंग आमच्याच दुकानात होती, पाच-सहा जण, वडापाव. मी म्हणलं त्या लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत आपल्या गावची ताई मेस चालवते तिचं छापू. एकजण म्हणाला ती कुठे माजी विद्यार्थी, ती तर आठवीतच गेली. यावरून जे काही वाजलं! माजी विद्यार्थी म्हणजे दहावी झालेला, नाही, किमान नववी, नाही, आजीव सभासद फी भरलेला. मी एरवी मीटिंगमध्ये बोलत नाही, मी छापणारा, पण त्या दिवशी बोललो. ज्याला रजिस्टरमध्ये नंबर पडला तो माजी विद्यार्थी. एक महिना बसला असेल बाकावर तरी. कैलासातले काका होते तिथे, ते म्हणाले मंजूर, आणि मी तर वर जाऊन आलोय, माझं ऐका.

ताईचं सांगतो. आठवीत असताना लग्न, नवरा पुण्यात हमाल, पुढे तो आजारी पडला. हिने घरातच दोन पोरांना डबा द्यायला सुरुवात केली. सदाशिव पेठ, नारायण पेठ म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं गाव, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन राहतात, अभ्यासिकेत दिवस काढतात, पोटाला मेस. आपल्या भागातली पोरं आली की आपोआप हिच्याकडे. महिन्याचे पैसे नसले तर वहीत नाव लिहायची, मागायची नाही. आता गंमत बघा, आम्ही फेटे बांधून छापलेल्यांपैकी चार जण हिच्याकडे जेवलेले निघाले, आणि दोघांची नावं वहीत अजून होती. तो अंक गेला आणि आठवड्यात दोघांनी पैसे आणून दिले. ताई मला म्हणाली तू मला छापलंस का वसुलीची नोटीस काढलीस?

पण तिचं नाव छापताना खरा घोळ. रजिस्टरला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, गल्लीत सगळे नुसतं ताई म्हणतात. हा प्रश्न सगळ्याच मुलींचा. कुठल्याही बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बघा, मुलगे चाळीस आणि मुली सहा, कारण मुली सापडतच नाहीत, नाव बदललेलं, नंबर नवऱ्याचा. तेव्हापासून आमचा नियम, मुलींची दोन्ही नावं छापायची, माहेरचं आधी. ले-आउटला जागा जास्त जाते, दोन ओळी होतात, होऊ देत. एका अंकात असं नाव वाचून तीस वर्षांनी दोन मैत्रिणींनी एकमेकींना शोधलं, एक हडपसरला आणि एक कोथरूडला.

मग बातम्या कमी पडायच्या बंदच झाल्या. खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, जीएमआरटी, ३० डिश, एकेक ४५ मीटर व्यासाची, तिथे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं आणि शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन जातात. आमच्या शाळेच्या पोरांनी एका वर्षी बिबट्या आला की वाजणारा भोंगा करून नेला. आमच्याकडे बिबट्या हा पेपरातला विषय नाही, उसाला पाणी द्यायला रात्री जाताना बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून जातात. भोंगा मांजरालाही वाजायचा हा भाग वेगळा, आम्ही तेही छापलं. अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारा, शाळेची टाकी फुकट दुरुस्त करून देणारा नववी नापास प्लंबर, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट मोजता मोजता बहिणीला नर्सिंग शिकवणारा. साहेबलोकही छापतो, पण फेटा आता आतल्या पानावर.

२०२० ला सगळं थांबलं. शाळा बंद, गॅदरिंग बंद, लग्नपत्रिका सुद्धा पीडीएफ. आमच्याकडे दोन कामगार, त्यांना अर्धा पगार देत होतो तोही सोनं मोडून. वार्तापत्र मोबाईलवर पाठवलं आणि त्या वर्षीच्या एका अंकात दोन पानं नुसती श्रद्धांजलीची होती. कै. लावताना बायको प्रत्येक नावाला फोन करून खात्री करायची. ते काम तिने एकटीने केलं, मला करवलं नाही.

शाळा उघडल्या आणि कागदाचे भाव असे चढले की जुनं कोटेशन दाखवायची लाज वाटायची. पण दुसऱ्या बाजूने बॅचेसच्या गेट-टुगेदरचं पेव फुटलं, २५ वर्षांनी, ३० वर्षांनी, सगळ्यांना स्मरणिका आणि टी-शर्ट पाहिजे. आता मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये येतो, जुनं सगळं श्रीलिपीत, एकातून दुसऱ्यात नेलं की ऱ्या आणि ऱ्हा ची वाट लागते, दुसऱ्याचं दुसर्याच होतं. मुलगी म्हणते एआयने प्रूफ तपासू. तपास म्हणलं, पण नावं रजिस्टरवरूनच. तिने जुन्या रजिस्टरांचे पानोपान फोटो काढून ठेवलेत, शाळेच्या परवानगीने, आणि ते बाहेर कुणाला दिसत नाहीत.

स्टँड २०१९ च्या शेवटी शिवाजीनगरहून वाकडेवाडीला गेलं, मेट्रोमुळे, तेव्हापासून गठ्ठे तिथून चढतात. या वेळचा अंक अजून चढलेला नाही. पहिल्या पानावर खाली तीन इंचाची जागा सोडलीय. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा सहावीत तीन महिने आमच्या शाळेत होता, आता त्याच्या जिल्ह्यात तो टोळ्यांच्या मुलांना कारखान्यावर शिकवतो असं कळलं. कमिटीतल्या एकाने विचारलंच, तीन महिने म्हणजे काय विद्यार्थी. रजिस्टर उघडलं, नंबर आहे, कारण लिहिलंय पालकांचे स्थलांतर. फोटो पाठवतो म्हणालाय, रेंज नाही म्हणे. प्लेट उद्या संध्याकाळपर्यंत थांबवलीय.